गणपतराव देशमुख आणि सांगोला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतराव देशमुखांचं नाव निघालं की गाडी हमखास एसटीवर येते. आमदार असून एसटीने फिरायचे, हे सगळ्यांना पाठ असतं. निवडणुका किती लढवल्या, हरले कधी, पाण्यासाठी नेमकं काय केलं हे विचारलं की बरेच जण गप्प बसतात. म्हणून इथे एसटीचा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला आहे.

गणपतराव देशमुख कोण होते?

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभा मतदारसंघातून ११ वेळा निवडून आलेले शेतकरी कामगार पक्षाचे आमदार. तालुक्यात त्यांना सगळे ‘आबा’ म्हणत आणि पक्षाच्या रिवाजाप्रमाणे नावाआधी ‘भाई’ लागायचं. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं, तेव्हा वयाची नव्वदी केव्हाच उलटली होती.

ते मूळचे सांगोल्याचेच का?

नाही. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षण वकिलीचं, आणि वकिली केली ती सांगोल्यात. कोर्टकचेरीच्या निमित्ताने येणाऱ्या माणसांशी ओळख झाली, तिथून चळवळ, तिथून राजकारण. त्या पिढीतल्या बऱ्याच डाव्या पुढाऱ्यांची वाट अशीच होती. जमिनीचे तंटे आणि कुळांची भांडणं रोज बघणाऱ्याला तालुक्याची नाडी आपोआप कळते.

११ वेळा म्हणजे कोणत्या कोणत्या वर्षी?

१९६२, १९६७, १९७४ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४.

या यादीत दोन गोष्टी नजरेतून सुटतात. १९७८ आणि १९८० या निवडणुका इतक्या जवळ आल्या, कारण फेब्रुवारी १९८०मध्ये केंद्राने शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार बरखास्त करून विधानसभा विसर्जित केली. त्यामुळे ‘११ वेळा’चा अर्थ ११ गुणिले ५ असा लावू नका. १९६२ ते २०१९ ही ५७ वर्षं. त्यातून १९७२ ते ७४ आणि १९९५ ते ९९ हा सभागृहाबाहेरचा काळ वजा करा. हातात ५० वर्षांहून थोडी जास्त आमदारकी उरते. तेवढीही कमी नाही, पण ‘५५ वर्षं सलग आमदार’ असं जे छापून येतं ते गणितात बसत नाही.

म्हणजे ते हरलेही होते?

दोनदा. १९७२ साली काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी हरवलं. राज्यावर मोठा दुष्काळ आला, नेमके तेव्हाच ते सभागृहाबाहेर होते. १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले.

दुसरा पराभव १९९५चा आणि तो जिव्हारी लागणारा : शहाजीबापू पाटलांनी अवघ्या १९२ मतांनी हरवलं. एवढी मतं एका मध्यम वस्तीत निघतात. तेच शहाजीबापू पुढे २०२२मध्ये गुवाहाटीतल्या झाडी-डोंगराच्या संवादाने महाराष्ट्रभर गाजले. बाहेरच्यांना त्यांची ओळख तेव्हा झाली, सांगोल्याला मात्र देशमुख विरुद्ध पाटील ही कुस्ती तीन दशकं पाठ होती.

या पराभवांवर मी मुद्दाम थांबतो. आबांच्या आठवणी सांगताना ‘त्यांच्यासमोर कुणाचं काही चाललंच नाही’ असा सूर लागतो. प्रत्यक्षात हा मतदारसंघ त्यांना कधीही आंदण मिळालेला नव्हता. काँग्रेसची यंत्रणा, पुढे राष्ट्रवादी, शिवसेना सगळ्यांनी तिथे ताकद लावली. प्रत्येक वेळी गावोगावचे कार्यकर्ते उभे करून निवडणूक नव्याने लढावी लागली.

हा देशातला विक्रम आहे का?

महाराष्ट्रातला म्हणा. देशातला म्हणू नका. केरळमधले के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले. ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा. तमिळनाडूत एम. करुणानिधी १३ वेळा जिंकले, पण वेगवेगळ्या मतदारसंघांतून. माणी आणि चंडी मंत्रिमंडळात अनेकदा होते, चंडी आणि करुणानिधी तर मुख्यमंत्री झाले. आबांची बहुतेक कारकीर्द विरोधी बाकांवर गेली आणि तीही राज्यभर आटत चाललेल्या पक्षात. तुलना करायचीच तर या अंगाने करावी.

शेतकरी कामगार पक्ष म्हणजे नेमका कोणता?

शेकाप. लाल बावटा, निशाणी वर्षानुवर्षं खटारा. स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी काढलेला. १९५०चा दाभाडी प्रबंध ही त्याची वैचारिक बैठक. दाभाडी म्हणजे मालेगाव तालुक्यातलं गाव. पुढच्या काही वर्षांत जेधे आणि मोरे स्वतःच काँग्रेसमध्ये परतले, पण पक्ष राहिला. १९६७च्या विधानसभेत त्याचे १९ आमदार होते आणि साठच्या दशकात विरोधी पक्षनेतेपद शेकापच्या कृष्णराव धुळपांकडे होतं. २००४ साली आमदारांची संख्या २वर आली. २०१४मध्ये ३ : सांगोला, अलिबाग, पेण.

त्यांनी कधी पक्ष बदलला का?

नाही.

ते मंत्री होते का?

दोनदा, आणि दोन्ही वेळा आघाडी सरकारात. पहिल्यांदा १९७८मध्ये शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात, दुसऱ्यांदा १९९९मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. त्या वेळी पणन आणि रोजगार हमी ही खाती होती. २००२मध्ये रायगडच्या स्थानिक राजकारणावरून शेकापचं राष्ट्रवादीशी फाटलं, पक्षाने पाठिंबा काढला आणि मंत्रिपद संपलं. त्याआधी १९७७-७८मध्ये काही महिने ते विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते.

रोजगार हमीचा आणि त्यांचा संबंध काय?

योजना त्यांनी आणली असं कुठे वाचलं तर ते चूक. तिचं श्रेय वि. स. पागे यांचं. पण आबांच्या राजकारणात तिला मोठी जागा होती, आणि ते समजण्यासाठी आधी योजना समजायला हवी.

१९७२च्या दुष्काळात राज्यभर लाखो माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक करणारा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. तेव्हा राज्यात पुलोदचं सरकार होतं, म्हणजे ज्या मंत्रिमंडळात आबा होते तेच. केंद्राने देशपातळीवर असा कायदा केला तो २००५ साली. योजनेसाठी पैसा उभा करायचा म्हणून १९७५मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला. आजही बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ते त्याच कराचे. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराने माणदेशातल्या मजुराच्या रोजगाराचा भार उचलायचा, अशी ती मूळ कल्पना. कापले जाणारे पैसे कशासाठी सुरू झाले हे आता फारसं कुणाला ठाऊक नसतं.

सांगोल्यासारख्या तालुक्यात ही योजना म्हणजे उन्हाळा निभावण्याचं साधन होतं. वीस वर्षांनी तेच खातं आबांकडे आलं.

त्यांचा सर्वांत मोठा विषय कोणता?

पाणी. बाकी सगळं त्यानंतर.

सांगोला पर्जन्यछायेत येतो. माण नदी तालुक्यातून जाते खरी, पण वर्षातला बराच काळ तिच्या पात्रात वाळूच दिसते. पारंपरिक शेती रब्बी ज्वारीची, जोडीला शेळ्या-मेंढ्या आणि खिलार जनावरं. पाणी आणायचं तर बाहेरूनच, आणि बाहेरून येण्याच्या वाटा तीन. नीरा उजवा कालवा फलटण, माळशिरस, पंढरपूर करत इथे पोचतो. टेंभू योजना कराड तालुक्यात कृष्णेचं पाणी उचलून पूर्वेकडे चढवत आणते. आणि म्हैसाळ योजना मिरज तालुक्यातून उचललेलं पाणी जत, कवठे महांकाळकडून पुढे ढकलते. तिन्ही वाटांवर सांगोला शेवटी. कालव्याच्या टेलवर शेत असलेल्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही : वरच्यांनी दारं धरून झाली, वरच्या चाऱ्या भरल्या, की मग उरलं तर तुमचं आवर्तन.

म्हणून नुसती योजना मंजूर होऊन भागत नव्हतं. इथे दुष्काळी तालुक्यांनी एकत्र येऊन मागणी करण्याला महत्त्व आलं. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ साली आटपाडीत पाणी संघर्ष परिषद सुरू झाली. सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतले १३ दुष्काळी तालुके तिच्यामागे होते. डॉ. भारत पाटणकर होते, आबा होते. मागणी साधी होती : कृष्णेच्या पाण्यात आमचाही वाटा आहे, तो समन्यायाने द्या.

घाईचं कारणही होतं. बच्छावत लवादाने १९७६मध्ये कृष्णेचं पाणी तीन राज्यांत वाटून दिलं आणि ३१ मे २०००नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल अशी तरतूद ठेवली. तोवर आपल्या वाट्याचं पाणी अडवून वापरात आणलं नाही तर पुढे भांडायला तोंड राहणार नाही, ही धास्ती होती. त्यातूनच १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं आणि कर्जरोखे काढून कामं सुरू झाली. टेंभूही त्याच काळातली. २२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, सात तालुके, सुमारे ८० हजार हेक्टर. कागदावर.

पुढची कित्येक वर्षं तो कागद जमिनीवर उतरवण्यात गेली. उपसा योजनेचं दुखणं असं, की पंप बसवून, कालवा खणूनही प्रश्न सुटत नाही. पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवायचं म्हणजे विजेचं बिल. ते थकलं की पंप बंद, आणि पिकाने मान टाकल्यावर पाणी आलं तर काय उपयोग! अखेर उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा असा निर्णय झाला. हे वीजबिलाचं भांडण दुष्काळी पट्ट्यातल्या आमदारांनी वर्षानुवर्षं लावून धरलं होतं. त्याच्या बातम्या फारशा झाल्या नाहीत, पण माझ्या मते एसटीच्या शंभर किश्शांपेक्षा हा विषय जास्त मोलाचा आहे.

पिण्याच्या पाण्याचं काय?

शिरभावी प्रादेशिक योजना. पंढरपूरजवळ भीमेतून पाणी घेऊन तालुक्यातल्या ८०च्या आसपास गावांना पुरवते. अशा मोठ्या प्रादेशिक योजना राज्यात अनेक ठिकाणी वीजबिल आणि थकबाकीत बुडाल्या. ही बराच काळ चालती राहिली म्हणून बाहेरचे लोक ती बघायला येत.

साखर कारखान्याऐवजी सूतगिरणी का?

पश्चिम महाराष्ट्रात पुढारी म्हटलं की साखर कारखाना, असं समीकरण. पण उसाला लागतं तेवढं पाणी या तालुक्यात नव्हतं, आणि कारखाना काढला की ऊस लावा म्हणून सांगणं आलं. आबांनी सहकारी सूतगिरणी उभी केली, तिथे तालुक्यातल्या मुलांना काम मिळालं. राज्यात सहकारी सूतगिरण्या एकामागून एक अवसायनात निघत असताना सांगोल्याची गिरणी नीट चालणाऱ्यांत गणली जायची. कापूस फारसा पिकत नाही तिथे गिरणी कशाला, ही शंका रास्त आहे. पण रोजगार हाच हेतू धरला तर निवड शहाणपणाची वाटते.

डाळिंबाची क्रांती त्यांनी केली का?

शेतकऱ्यांनी केली. १९९०च्या सुमारास राज्याने रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आणली. कमी पाण्यावर आणि हलक्या रानात येणारं डाळिंब सांगोल्याने उचललं. आधी गणेश, मग भगवा वाण, ठिबक, निर्यात. अजनाळ्यासारख्या गावांत डाळिंबाच्या पैशांवर बंगले उठले. मग तेल्या रोग आला, मर रोग आला, पुढे खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा आला आणि बागांच्या बागा मुळासकट काढाव्या लागल्या. फळबाग योजनेची चौकट धोरणाने दिली. त्यात जीव शेतकऱ्याने ओतला आणि झळही त्यानेच सोसली.

दोन-तीन आमदारांच्या पक्षातला माणूस विधानसभेत करू काय शकतो?

चर्चेत वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो. तीन आमदार असले तर भाषणाला उभं राहेपर्यंत घंटी वाजते. अशा वेळी कामाला येतात ती नियमांमधली हत्यारं : तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं), लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, औचित्याचा मुद्दा, अर्थसंकल्पात कपात सूचना. नियमावली मुखोद्गत असलेला एकटा आमदार ही वापरून खात्याला कोंडीत पकडू शकतो.

तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. ‘अमुक योजनेचे काम निधीअभावी रखडले आहे, हे खरे आहे काय?’ खालोखाल ‘असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ खात्याचं आवडतं उत्तर म्हणजे ‘हे अंशतः खरे आहे’. नवखा आमदार तिथेच अडकतो. मुरलेला आमदार उपप्रश्न टाकतो : अंशतः म्हणजे किती, गेल्या वर्षीच्या तरतुदीतले किती खर्च झाले, उरलेले कुठे वळवले? मंत्र्याला सभागृहात आश्वासन द्यावं लागतं आणि ते आश्वासन समितीच्या नोंदीत जातं. पुढच्या अधिवेशनात त्याच धाग्याला पुन्हा हात. आबांचा दबदबा होता तो अशा चिवटपणाचा. ते बोलायला उठले की सत्ताधारी बाकंही ऐकत, हे वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे.

जातीचं गणित होतं का?

ते धनगर समाजातले, आणि सांगोल्यात या समाजाची संख्या मोठी आहे. त्याचा उपयोग झाला नसेल असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण तेवढ्यावर ११ निवडणुका निघत नाहीत, आणि १९७२, १९९५ साली समाज काही तालुका सोडून गेला नव्हता.

ते खरंच एसटीने फिरायचे का?

हो. आमदाराच्या पासावर एसटीने प्रवास करायचे आणि साधे राहायचे. झालं.

त्यांची मालमत्ता किती होती?

उमेदवारांना मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागायला सर्वोच्च न्यायालयाच्या २००२-०३मधल्या निकालांनंतर सुरुवात झाली. त्यामुळे त्यांच्या ११ विजयांपैकी फक्त २००४, २००९ आणि २०१४ या तीनच निवडणुकांची शपथपत्रं असू शकतात. समाजमाध्यमांत १९६२पासूनच्या संपत्तीचे आकडे फिरतात त्यांना आधार नाही.

त्यांच्यावर टीका काय होते?

पहिली : इतकी वर्षं आमदार राहूनही तालुका दुष्काळी तो दुष्काळीच राहिला. यात तथ्य आहे, पण अर्धंच. पाण्याच्या योजना मंजूर करण्याची आणि पैसा सोडण्याची किल्ली सत्तेत असणाऱ्यांकडे होती आणि आबा बहुतेक काळ सत्तेबाहेर होते. मात्र सत्तेसोबत गेलो असतो तर पाणी लवकर आलं असतं का, हा प्रश्न तालुक्यातले त्यांचे विरोधक विचारत आले, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. निष्ठेची किंमत कधी कधी मतदारांनाही मोजावी लागते.

दुसरी : दुसरी फळी तयार केली नाही. ही मला जास्त पटते.

२०१९मध्ये काय झालं?

वयामुळे त्यांनी उभं राहायला नकार दिला. पक्षाने आधी दुसऱ्या कार्यकर्त्याचं नाव जाहीर केलं, कार्यकर्त्यांत नाराजी पसरली आणि उमेदवारी आबांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांच्याकडे गेली. शिवसेनेच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना ७६८ मतांनी हरवलं. घराणेशाहीवर टीका करत आलेल्या पक्षाला सांगोल्यात घरातलाच उमेदवार शोधावा लागला, हे दुसऱ्या फळीच्या मुद्द्याला धरूनच झालं.

सांगोला मतदारसंघात कोणता भाग येतो?

क्रमांक २५३. संपूर्ण सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातला भाळवणीकडचा काही भाग. लोकसभेला माढा.

आता तिथला आमदार कोण?

डॉ. बाबासाहेब देशमुख, आबांचेच दुसरे नातू. २०२४च्या निवडणुकीत शेकापकडूनच उभे राहून त्यांनी शहाजीबापू पाटलांना २५ हजारांहून अधिक मतांनी हरवलं. त्याच निवडणुकीत ठाकरे गटाकडून दीपकआबा साळुंखे-पाटीलही होते, त्यामुळे लढत तिरंगी झाली. २८८ जणांच्या सभागृहात शेकापचे ते एकमेव आमदार आहेत. टेंभू-म्हैसाळचं पाणी टेलपर्यंत आणणं आणि डाळिंबाच्या उद्ध्वस्त बागा पुन्हा उभ्या करणं, हे विषय त्यांच्याही टेबलावर आहेतच.